पाचांतला एक

"आता उलट्या बाजूनं बोल," गुरुसिद्धप्पा मास्तर म्हणाले, अन् नीलम्माची अख्ख्या महिन्याची तयारी पाण्यात गेली.

मास्तरांचं हे असंच! हैदराबादेत कॉलेजात शिकवायचे ते, अन् उन्हाळ्याच्या सुट्टीत मुरुमला आले की मठाच्या सोप्यात तसाच वर्ग भरवायचे. विषय एकच, आज जगात काय चाललंय. अटी मात्र लई कडक. अखबार रोज वाचायचा. बोलताना हातात कागद न्हाय. आपलं म्हणणं मांडून झालं की त्याच्यावर एक सवाल आपणच टाकायचा, असा की आपल्यालाच घाम फुटावा. अन् शेवटच्या दिवशी गावातली मोठी माणसं ऐकायला बसली असताना मास्तर ऐनवेळी कुणाचीही बाजू फिरवणार.

नीलम्माचा विषय होता व्हेटो. मोठी लढाई संपून वर्षसुद्धा झालं नव्हतं. जगाची नवी पंचायत बसली होती अन् तिच्यात पाच बड्या देशांना हा हक्क दिला होता. पाचांतल्या एकानं जरी न्हाय म्हटलं तरी ठराव जागीच अडला! नीलम्मा ह्याच्या विरोधात बोलणार होती. आता बाजूनं बोलायचं.

अन् समोर बसलेलं कोण? तिचे अप्पा. कल्याणप्पा, मुरुमच्या बाजारातले मोठे अडते. त्यांनी घरात सांगूनच टाकलं होतं, चार लोकांत नीट बोललीस तर मास्तर म्हणतात तसं हैदराबादला शिकायला जा, न्हायतर अक्कलकोटच्या स्थळाला उद्याच होकार कळवतो.

"बोल की गं, अमेरिका खोळंबलीय तिकडं!" मागनं वर्गातला शांतलिंग म्हणाला. पोरं खिदळली.

नीलम्मानं पदर खोचला. एकदा डोळे मिटले, उघडले.

"आपल्या जत्रंचा रथ," ती म्हणाली.

सोप्यातली माणसं एकमेकांकडं बघाय लागली. व्हेटोवर बोलायचं अन् ही पोरगी रथ काढती!

"रथाला पाच मानकरी. पाचांनी दोराला हात लावल्याबिगर रथ हलत न्हाय. का? पाच घरांनी मिळून बांधलाय म्हणून. एकाला वगळून वढला, तर तो पुढच्या साली येणार न्हाय. दुसरा रथ बांधंल. मग एका गावात दोन रथ, दोन जत्रा, अन् मधल्या रस्त्यावर डोकी फुटणार. त्यापेक्षा एक जण रुसला म्हणून रथ दिवसभर उभा राहिला तरी चालंल. जगाचंबी तेच. मोठ्याला न्हाय म्हणायची मुभा हाय, म्हणून तो पंचायतीत बसलाय. उठून गेला की परत तोफा."

काय बोलली! शांतलिंगचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. अन् बाकीच्यांच्या माना आपसूक कल्याणप्पांकडं वळल्या. कारण पाचांतले एक मानकरी तेच. गेल्या जत्रंला पहिला नारळ दुसऱ्या घरानं फोडला, म्हणून दोराला हात न लावता घरी जाऊन बसले होते. रथ जागचा हलला न्हवता. साऱ्या गावानं त्यांना नावं ठेवली, अन् आज लेकीनं त्याच रुसव्याला थेट अमेरिका-रशियाच्या रांगेत नेऊन बसवलं! कल्याणप्पांचा हात मिशीवर गेला. शेजारचा गडी कुजबुजला, "सावकार, पोरगी जिंकली बघा."

इथंच बसली असती तरी काम झालं होतं. हैदराबाद पक्कं.

"आता तुझा सवाल," मास्तर म्हणाले.

सोपा सवालबी टाकता आला असता की तिला. चीन एवढा लांब, फ्रान्स एवढा लांब, कुणाला काय कळणार होतं? पण नीलम्मानं अप्पांकडं बघितलं. सरळ.

"रथ उभा राहिला," ती म्हणाली. "मानकऱ्याचा मान राहिला. पण उपास धरून आलेली माणसं, आळंदकडनं पोरं खांद्यावर घेऊन चालत आलेली, दिवसभर उन्हात बसली अन् सांजंला तशीच माघारी गेली. दोर वढायला मानकऱ्यांमागं शेकडो हात हुते. त्यांतल्या एकालाबी कुणी इचारलं न्हाय. एका मानकऱ्याला न्हाय म्हणायचा हक्क हाय, तर ह्या माणसांना काय म्हणायचा हक्क हाय?"

मिशीवरचा हात खाली आला.

"उत्तर?" मास्तरांनी हळूच विचारलं.

"माझ्याकडं न्हाय," नीलम्मा म्हणाली, अन् खाली बसली.

कल्याणप्पांकडं बघायची कुणाची छाती होईना. ते उठले. खांद्यावरचा रुमाल झटकला, परत खांद्यावर टाकला. संपलं, उद्या अक्कलकोटला माणूस जाणार, असंच सगळ्यांना वाटलं. बाप उभा राहिला म्हणून नीलम्माबी उभी राहिली. मान खाली, पण पाय भक्कम.

कल्याणप्पांनी घसा खाकरला.

"मास्तर," ते म्हणाले, "हैदराबादेत ज्वारीची भाकर मिळती का? हिला रोज भात सोसत न्हाय."