मंगळवार आणि शुक्रवार

बशीरनं जीप सुरू केली, तसा मतीन आडवा येऊन उभा राहिला.

"अब्बा, खाली उतरा. हे आता बंद करा."

"तू हट बाजूले," बशीर म्हणाला.

धाड ते बुलढाणा या रस्त्यावर बशीरनं तीस वर्षं प्रवासी जीप चालवली होती. मागच्या उन्हाळ्यात त्याची बायको अमीना गेली आणि धंदा सुटला. दोन महिने तो खाटेवरून उठलाच नाही. मग शेजारची बनाबाई अंगणात पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर आठवड्यातून दोनदा व्यायामासाठी तिला बुलढाण्याला न्यायचं होतं आणि घरात दुसरं कोणी नव्हतं. बशीरनं जीप पुसून काढली. तेव्हापासून मंगळवार आणि शुक्रवार त्यानं चुकवला नव्हता.

पुण्याहून सुटीवर आलेल्या मतीनला हे पटत नव्हतं.

"मी पैसे देतो ना. चांगली गाडी लावू, संग एक बाई देऊ. मावशीचंच भलं होईन."

"पैसे दुसऱ्या कोणाले दे. गरज लय जणांले हाये."

"तुमच्या दोन दिवसांपेक्षा माझा पैसा जास्त कामाचा हाये. काऊन ऐकत नाही?"

"नाही ऐकत."

एवढ्यात बनाबाई काठी टेकत आली. बशीरनं खाली उतरून तिला हात दिला, बसवलं, काठी पायाशी ठेवली. मतीन मागे चढला. वाटभर दोघं म्हातारी मिरचीच्या भावावरून वाद घालत होती. बशीर दोनदा मोठ्यानं हसला.

दवाखान्याच्या फाटकाशी तो म्हणाला, "बनाबाई, मी टपरीवर हाये. सावकाश या."

मतीन तिच्या मागोमाग आत गेला. अब्बा ऐकत नाहीत, तर मावशीलाच तयार करायचं, असं त्यानं ठरवलं होतं. व्यायामाच्या खोलीत ती दिसली नाही. मागच्या व्हरांड्यात बाकावर बसून ती शेंगा सोलत होती.

"मावशी, नंबर नाही लागला?"

"बस," ती म्हणाली.

"पुढच्या मंगळवारपासून मी गाडी लावतो. सगळे पैसे माझे. तुम्ही फक्त अब्बाले हो म्हणा."

"नाही म्हणणार."

"त्यांनी शिकवलं तुम्हाले?"

"मले कोण शिकवते? गाडी आली तरी मी बसणार नाही."

"मावशी, अब्बांचं वय पाहा. इतका त्रास कशासाठी?"

बनाबाईनं काठी बाजूला ठेवली आणि ताडकन उभी राहिली. व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालत गेली, टरफलं टोपलीत टाकली आणि तशीच परत आली.

"माहा पाय दसऱ्यालेच बरा झाला, बाबू. मी तुह्या अब्बासाठी येतो."