जुन्या ट्यूबा

साठ साली ह्यांनी मोटारसायकल घेतली, आणि दर गुरुवारी बेंबळीच्या दौऱ्यावर ती पंक्चर होऊ लागली. ठिगळ लावेपर्यंत अंधार पडायचा, मग मुक्काम तिथंच. "टायर पार गुळगुळीत झालेत, त्याला मी तरी काय करू?" सकाळी घरी आल्यावर हे म्हणायचे. पण नवे आणायचं नाव काढलं की दोन वर्षं नुसती टाळाटाळ. शेवटी मी जेवण सोडायची धमकी दिली.

काल सोलापूरहून नवे टायर-ट्यूब घालून हे ऐटीत घरी आले. गाडी घेतल्यापासूनच्या त्याच दोन्ही जुन्या ट्यूबा गळ्यात हारासारख्या अडकवलेल्या. आमच्या विमलला विहिरीत पोहायला शिकायचं होतं ना!

पोरीच्या जिवाशी खेळ नको, म्हणून आज विहिरीवर हवा भरून ठिगळं पक्की आहेत का ते मी चाचपून बघू लागले. एक ट्यूब सगळी फिरवली. दुसरी फिरवली. परत पहिली घेतली.

पायरीवरून विमल ओरडली, "आई, लई ठिकाणी फुटलीय का गं?"



"नाही गं बाई. एकदासुद्धा फुटलेली नाही."