साबुदाण्याच्या डब्यातला कॉम्प्युटर

शिरोली एमआयडीसीतून घरी आला की श्रीशैल आधी कॉम्प्युटर चालू करायचा आणि बायकोनं दिवसभरात काय काय उघडलं ते बघायचा. पवित्रानं माहेरी पाठवलेल्या मेलसुद्धा तो वाचायचा. एकदा बँकेच्या परीक्षेचं पान दिसलं, तेव्हा त्यानं महिनाभर इंटरनेट बंद ठेवलं होतं.

हे कळल्यावर तिची मैत्रीण तहरीम एक पेनड्राईव्ह घेऊन आली. "ह्यात अख्खा कॉम्प्युटर हाय बघ. हा लावूनच मशीन चालू कर. तू जे करशील ते सगळं ह्याच्यातच राहतंय. काढलास की त्याच्या मशीनवर काय म्हणून काय दिसायचं न्हाय."

पवित्रा दुपारी अभ्यास करू लागली. अर्ज भरला, हॉल तिकीटही आलं. पेनड्राईव्ह ती साबुदाण्याच्या डब्यात ठेवायची.

"हल्ली कॉम्प्युटर लावतच न्हाईस व्हय?" श्रीशैल विचारायचा.

"घरातलंच काम उरकंना ओ."

परीक्षा दोन दिवसांवर आली. त्या संध्याकाळी मात्र त्यानं कॉम्प्युटर उघडला नाही, काही विचारलंही नाही. जेवला आणि झोपला. पवित्राला हायसं वाटलं.

सकाळी तो कामावर गेल्यावर तिनं पेनड्राईव्ह लावला. नोट्स, हॉल तिकीट, तहरीमच्या मेल, सगळं जसंच्या तसं होतं. फक्त मागच्या, कालपर्यंत कोऱ्या निळ्या असलेल्या पडद्यावर त्या दोघांच्या लग्नातला फोटो लावलेला होता.