डाव्या बाजूचे टायर

"हे खडीच्या रस्त्याला घेतात, काका," टायरवाला म्हणाला. "याची बाजू जाड असते. दगडाला घासली तरी फाटत नाही. पण गाडी जड चालते, पेट्रोल जास्त पिते. तुमची गाडी जाते कुठे?"

"भाजीला आणि बँकेत," बाकावर बसलेली आई म्हणाली.

टायरवाला हसला. बाबा हसले नाहीत. त्यांनी त्या जाडजूड टायरच्या बाजूवरून अंगठा फिरवला, दोन बोटांनी दाबून पाहिलं आणि मान हलवली. "हाच चांगला."

लेक घरून तयारी करून आली होती. गाडी जुनी, फिरणं थोडं. अशा गाडीचे टायर झिजून जात नाहीत, वयाने जातात. रबर सुकतं आणि भेगा पडतात. म्हणून परवडेल असा, टिकाऊ, आणि मुख्य म्हणजे नुकताच बनलेला टायर घ्यायचा. रबरावर उठवलेले बनल्याच्या तारखेचे आकडे स्वतः वाचून तिने तसे चार टायर बाजूला काढूनही ठेवले होते.

"बाबा, आपल्याला जाड बाजू कशाला? आपल्या वाटेवर दगड आहेत कुठे?"

"असू दे. भक्कम आहे."

"भक्कम कसला? हा बनून बराच काळ झालाय, आकडे वाचा. टिकणार तो हा, मी काढलेला."

"आकड्यांचं राहू दे. मला बाजू भक्कम हवी."

"पण का?"

"गाडी कोण चालवतं? तू की मी?"

लहानपणी तिला प्रत्येक गोष्टीत 'का' विचारायची खोड याच माणसाने लावली होती. साधा मिक्सर घेतानाही ते दुकानदाराला भंडावून सोडत. आज त्यांच्याकडे 'का'ला उत्तर नव्हतं, आणि ते शोधायची त्यांना इच्छाही दिसत नव्हती.

"तुम्हा बापलेकींचं ठरेपर्यंत मी जुने उतरवून घेतो," टायरवाला म्हणाला. गाडी जॅकवर चढवून त्याने गाडीची किल्ली लेकीच्या हातात दिली आणि एकेक चाक सोडवून भिंतीला टेकवत गेला. उजवीकडची दोन एका भिंतीला, डावीकडची दोन दुसऱ्या.

ती उकिडवी बसून पाहू लागली. उजव्या टायरवर बारीक भेगा होत्या, तिने आधीच सांगितल्या होत्या तशाच. त्याशिवाय काही नाही. डावे टायर पाहिले आणि ती तिथेच थबकली. त्यांची बाहेरची बाजू खरवडून निघाली होती. कंपनीचं नाव पुसट झालं होतं. पुढच्याचं तसं, मागच्याचंही तसंच. काही ओरखडे ताजे, काळेभोर. त्यांच्या खाली जुने, धूळ बसून राखाडी झालेले. एकदाच घासलं असतं, तर चुकून लागलं म्हणता आलं असतं.

तिला सकाळचं येणं आठवलं. ती मागे बसली होती. पुढे डावीकडच्या सीटवर आईचं नेहमीसारखं चालू होतं. "सायकल आहे. खांब आला. जरा उजवीकडे घ्या, माणूस चाललाय."

"आई, तुझा रेडिओ बंद कर गं," ती म्हणाली होती. "बाबांना येते गाडी."

आईने रेडिओ बंद केला होता. आणि पुढच्याच वळणावर गाडी फुटपाथच्या कडेला खसकन घासली होती. तिघांपैकी कुणीच त्यावर बोललं नव्हतं.

ती उठली. बाबा त्या जाड टायरसमोर हात मागे बांधून उभे होते. ती त्यांच्या डाव्या बाजूला गेली आणि काही न बोलता किल्ली त्यांच्या खांद्याशी धरली. हातभर अंतरावर.

बाबा समोर पाहत राहिले.

"अहो, किल्ली," बाकावरून आई म्हणाली, सकाळच्याच आवाजात. "डावीकडे."

बाबांची मान वळली, हात लगेच आला. नेमका किल्लीवर.

लेकीने किल्ली सोडली नाही. तिने आईकडे पाहिलं. आईने नजर चुकवली नाही.

"डॉक्टर?"

"दाखवलंय," आई म्हणाली. "गेली ती नजर परत यायची नाही, म्हणाले. उजवा डोळा चांगला आहे."

"लांब कुठे जातो आम्ही?" बाबा म्हणाले. "ही असतेच शेजारी. हिच्याशिवाय मी गाडी काढतच नाही, विचार हिला. आजवर फुटपाथशिवाय कशाला लागलेली नाही."

"आणि एखादा माणूस आईच्याही नजरेतून सुटला तर?"

आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मागे टायरवाल्याने नट डब्यात टाकले, त्यांचा खळखळाट तेवढा झाला. किल्ली दोघांच्या बोटांत होती. मग एकट्या लेकीच्याच बोटांत उरली.

"ऐका हो," बाबा टायरवाल्याला म्हणाले. "जाड बाजूचे नकोत. ती म्हणते तेच बसवा."

चारी टायर बसवून झाल्यावर लेक गाडी चालवायला बसली. आई सवयीने पुढे, डावीकडे बसली. स्वतःच्या गाडीत मागे कसं बसायचं हे बाबांना क्षणभर सुचेना. त्यांनी दार उघडलं, आधी हातातली पिशवी आत ठेवली, मग स्वतः बसले.

दुकानाच्या फाटकाशी गाडी वळली.

"डावीकडे खांब आहे," आई म्हणाली. "जरा उजवीकडे घे."

मागच्या सीटवरून बाबांचा हात आला आणि आईच्या खांद्यावर टेकला.

"अगं," ते म्हणाले, "तिला दिसतं."