बाद गड्यांशेजारची खुर्ची

"अरे, आत घुसा की! रेषेवरूनच काय परत येताय?" सर बाहेरून ओरडत होते, पण कॉलेजच्या कबड्डी संघातला एकही गडी धड चढाई करत नव्हता.

कॅप्टन रणजितला कारण ठाऊक होतं. बाद झालेले गडी बसतात त्या जागेशेजारी अशपाकची व्हीलचेअर ठेवली होती, तिच्यावर संघाची जर्सी. त्याची आठवण म्हणून ती आणायचं रणजितनंच सुचवलं होतं. आता त्या रिकाम्या खुर्चीजवळ जाऊन बसायची कुणाचीच छाती होत नव्हती. म्हणून कुणी बाद व्हायलाच तयार नव्हतं.

जन्मापासून पायांनी अधू असलेल्या अशपाकनं संघाचा एकही सामना चुकवला नव्हता. बाद गडी मान खाली घालून आला, की त्याच्या पाठीत धपाटा घालून तो म्हणायचा, "बाद झालायस लेका, मेला नाहीस!" गेल्या महिन्यात तापाचं निमित्त झालं आणि तोच गेला.

रणजितनं दम धरला, थेट कोपऱ्यापर्यंत घुसला आणि पकडीत सापडला. खुर्चीशेजारी येऊन बसला. पाठ उगाचच धपाट्याची वाट बघत राहिली.

पाठोपाठ सुहासही बाद होऊन आला. खुर्ची दिसताच त्याचा चेहरा पडला. कुणीतरी बोलायला हवं होतं. रणजितनं त्याच्या पाठीत धपाटा घातला.

"बाद झालायस लेका," तो म्हणाला, आणि पुढचे शब्द काही केल्या तोंडातून फुटेनात.