चेहऱ्याची चाचणी

भर दुपारी परीक्षकाने जाड पडदे ओढून खोलीत अंधार केला आणि नवा प्रोजेक्टर चार जाडजूड पुस्तकांच्या थप्पीवर ठेवला. समोरच्या पांढऱ्या भिंतीवर उजेडाचा चौकोन पडला. नेहमीप्रमाणे बायको शेजारच्या खुर्चीत येऊन बसली. आज येताना तिने भिंतीचा आधार घेतला होता, पण तो वायरी लावण्यात गुंतला होता.

घरच्या घरी मोठा सिनेमा बघायची हौस दांडगी आणि खिसा मात्र बेताचा, अशा लोकांसाठी तो एका मासिकात या यंत्रांची परीक्षणं लिहायचा. त्याच्या नजरेतून काही सुटत नसे. विकणारे त्याला आपापसात ‘सासूबाई’ म्हणत. हे कानावर आल्यापासून तो जरा जास्तच खुसपटं काढायला लागला होता.

"किंमत बाकीच्यांच्या निम्मी, आणि अक्षरं बघ कशी कोरल्यासारखी," तो म्हणाला. "पंखाही फार कुरकुरत नाही. काळा रंग तेवढा राखाडी दिसतो. पण या पैशात आणखी काय मागायचं? गरीब घरची, पण गुणाची आहे."

"मग घ्या सून करून, सासूबाई," बायको म्हणाली. बोलताना तिला किंचित धाप लागली.

शेवटची चाचणी चेहऱ्याची. ही त्याची स्वतःची युक्ती. कंपन्या नमुन्याचे व्हिडिओ देतात ते सगळे फुलांचे नाहीतर पोपटांचे. खरा पोपट किती हिरवा होता, हे कुणाच्या बापाला ठाऊक? म्हणून प्रत्येक नव्या यंत्रासाठी तो सकाळच्या उजेडात बायकोला खिडकीशी बसवायचा आणि दोन मिनिटं तिचं चित्रण करायचा. एकतीस वर्षं बघितलेला चेहरा त्याला तोंडपाठ होता. तो भिंतीवर जसाच्या तसा उतरला, की यंत्र पास.

त्याने आज सकाळचं चित्रण लावलं. भिंतभर बायको आली. पिवळी.

"हात्तिच्या!" तो म्हणाला. "कावीळ झालीय या यंत्राला."

बायको दंड खाजवत भिंतीकडे बघत राहिली. त्याने वहीत लिहिलं : त्वचेचा रंग पिवळ्याकडे झुकतो, दोन गुण वजा. मग रिमोट घेऊन तो निळा रंग एकेक घर वाढवत गेला. कपाळ उजळलं. गाल निवळले. डोळ्यांतला पांढरा भाग पांढरा झाला.

"हां. आता झालीस तू."

"छान दिसतेय की," ती म्हणाली. "पण अहो, आपल्या खिडकीची चौकट पांढरी ना? ती निळी कशी दिसतेय?"

"तू चेहरा बघ गं. चौकट कोण बघायला बसलंय?"

म्हणाला खरा, पण आता त्याची नजर तिथेच अडकली. चौकट निळी होती. दोरीवरचा टॉवेल निळा होता. खिडकीतला चहाचा कपही निळा. ती चौकट त्यानेच मागच्या सुट्टीत रंगवली होती, दोन हात देऊन, पांढरीशुभ्र.

त्याने बटण दाबून सगळे रंग होते तसे केले. चौकट पांढरी झाली. टॉवेल पांढरा झाला, कप पांढरा झाला. त्या सगळ्या पांढऱ्यात बायको तेवढी पिवळी राहिली, पार डोळ्यांच्या कोपऱ्यांपर्यंत.

"झालं का हो? मला जरा पडावंसं वाटतंय."

"थांब. एकच मिनिट."

गेल्या वर्षीचं चित्रण त्याने शोधून काढलं. तीच खिडकी, तीच खुर्ची. रंगांना त्याने हात लावला नाही. भिंतीवरची बायको कुणालातरी काहीतरी सांगून हसत होती, आणि तिचा रंग अगदी बरोबर होता. यंत्रात काडीचीही खोट नव्हती.

उठून त्याने पडदा सारला. दुपारचं ऊन आत आलं आणि भिंतीवरचं हसू पुसट झालं. त्याने बायकोची हनुवटी धरून तिचा चेहरा उजेडाकडे वळवला. अंगठ्याने तिच्या डोळ्याखालची कातडी अलगद ओढून पाहिली. सकाळी त्यानेच तिला अशाच उजेडात बसवलं होतं. तेव्हा तो कॅमेऱ्याकडे बघत होता.

"कधीपासून आहे हे?"

"महिना झाला असेल," ती म्हणाली. "अन्न नकोसं वाटतं. अंगाला खाज सुटते. कपडेही ढगळ व्हायला लागलेत. आरशात बघताना मलाही रंग जरा वेगळा वाटला होता."

"मग बोलली का नाहीस?" त्याचा आवाज चढला. राग कुणाचा येतोय, हे त्याला पक्कं माहीत होतं.

तिने हनुवटीवरचा त्याचा हात आपल्या हातात घेतला.

"तुम्ही रोज बघताच की मला," ती म्हणाली. "म्हटलं, काही असतं तर तुम्हाला आधी दिसलं असतं."