पाचवीची वरात

दशरथ संगीतशिक्षक झाला. मुख्याध्यापिकाबाईंना ते अजून मान्य नाही, तेव्हा झालाच नाही असं धरू. अंबडच्या शाळेत मुलाखत होती. “खुर्चीवर बसून पाचवीला सारेगम शिकवा,” बाई म्हणाल्या. दशरथ बसला, क्लॅरिनेट ओठांना लावलं आणि नुसती हवा निघाली. आयुष्य वरातीत वाजवण्यात गेलेलं. पाय हलल्याशिवाय सूरच सापडेना. “बाई, जरा चालू का?” पाय हलले, सूर लागला, मागोमाग अख्खी पाचवी गात निघाली. वर्ग संपला, मैदान संपलं, गेटही संपलं. त्रिमूर्ती चौकात मुलं अचूक सुरात होती, रिक्षावाले नाचत होते. “अहो मास्तर, मागे फिरा,” बाई धापा टाकत म्हणाल्या. “मास्तर म्हणालात, आता वरात मागे फिरत नाही.” त्याने तिथेच अर्ज लिहिला: “संगीतासाठी अंबड ते मनमाड सलग वर्गखोली तातडीने मंजूर व्हावी, ही नम्र विनंती.”